जीआरभाऊ

वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. पुढे वाटणी झाली, कलेक्टर दोन झाले, कचेऱ्या दोन झाल्या. एक माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच राहिला. तो ब्रह्मपुरीत भेटतो, सावलीत भेटतो, आरमोरीत आणि चामोर्शीतही भेटतो. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे माजी पोस्टमन, कुठे चार बांध्यांत धान पिकवणारा शेतकरी. पण ओळखायला वेळ लागत नाही. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एक निळा आणि एक लाल पेन, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत जीआरची, म्हणजे शासन निर्णयांची, एक फाईल आणि एक खुरपं. फाईल सरकारसाठी, खुरपं नदीसाठी. गाव त्याला मागून जीआरभाऊ म्हणतं आणि समोरून नुसतं भाऊ.

भाऊंचं मागणं तसं लहान आहे. नदीच्या काठाला आपल्या मातीतली झाडं लागावीत, आणि ती सरकारी पैशातून लागावीत. यातला दुसरा भाग पहिल्याच्या तोलाचा. एखादा उत्साही तरुण म्हणाला, "भाऊ, कशाला कचेरीचे खेटे घालता, वर्गणी काढू, रोपं आणू आणि लावून टाकू," की भाऊंचा चेहरा पडतो. "काहून जी? नदी माह्या बापाची हाय का? रेतीघाटाचा लिलाव कोन करते? सरकार. पैसा कोनाच्या तिजोरीत जाते? सरकारच्या. मंग काठ बी सरकारनंच सांभाळला पाह्यजे." तरुण गप्प होतो. भाऊ होत नाहीत. ते फाईल उघडतात, लाल पेनने अधोरेखित केलेला परिच्छेद काढतात आणि "सदर" या शब्दापासून वाचायला सुरुवात करतात. शेजारचे लोक हळूच बैल सोडायला किंवा मोटारसायकल चालू करायला निघतात.

भाऊ तुमच्या घरी आले की आधी अंगणातली झाडं बघतात, मग तुम्हाला. "हा गुलमोहर काहून लावला? हा मादागास्करचा. थे सुबाभूळ मेक्सिकोकडची. गिरिपुष्प बी तिकडचाच. कुंपणाला निलगिरी, म्हंजे ऑस्ट्रेलिया. तुमचं अंगण हाय का विमानतळ?" मग चहा येतो, बशीत ओतला जातो आणि नदीकाठची मांडणी सुरू होते. ही त्यांना तोंडपाठ असते. अगदी पाण्याशी करंज, वाळुंज आणि उंबर. त्याच्या वरच्या पट्ट्यात कहू, म्हणजे अर्जुन, आणि जांभूळ. त्याहून वर, जिथे मोठा पूरच पोचतो, तिथे मोह, चिंच, आंबा, बेहडा. मधल्या फटींत बांबू. "साग नाही का भाऊ?" असं कुणी मुद्दाम विचारतं. सगळ्यांना माहीत असतं की ही कळ दाबली की काय होतं.

सागावर भाऊंचा राग नाही. बल्लारपूरचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी निघालं तेव्हा मिरवणूक बघायला भाऊ स्वतः एसटीने गेले होते, डोळे पुसत परत आले. पण साग काठावर नको. "सागाले पाय भिजलेले चालत नाही. पानी साचलं का मुळी कुजते. कहूले बघा, महिनाभर टोंगळ्याएवढ्या पान्यात उभा राहते, हूं का चूं करत नाही." मग कहूचं गुणगान. त्याची ती गुळगुळीत, पांढरट, पापुद्र्यांनी सुटणारी साल. त्याचं पाच पंखांचं फळ, जे पाण्यावर तरंगत पुढच्या गावाला जाऊन रुजतं. आणि त्याच्या पानांवर पोसणारी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, अळी. आरमोरीकडचे ढिवर येन, म्हणजे ऐन, आणि कहूच्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या कोसा काढत आले आहेत. म्हणजे झाड काठही धरतं आणि घरही चालवतं. इथे भाऊ थांबतात, बशी खाली ठेवतात आणि विचारतात, "सुबाभूळ काय देते?" सुबाभूळ शेळ्यांना चारा देते, हे आपल्याला माहीत असतं. आपण बोलत नाही.

एकदा एका तरुण साहेबांनी भाऊंना सरळच विचारलं होतं. "भाऊ, गडचिरोलीचं दोन-तृतीयांशांहून जास्त क्षेत्र जंगल आहे. राज्यात सगळ्यात हिरवा जिल्हा तुमचा. तुम्हालाच अजून झाडं कशाला?" भाऊंनी वाद घातला नाही. साहेबांना गाडीत बसवून नदीवर नेलं. जंगल जंगलात होतं. काठावर धानाच्या बांध्या अगदी कडेपर्यंत आलेल्या, त्यांच्या पुढे उभा कापल्यागत सुटलेला मातीचा कडा, रेतीच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या उतरंडी, आणि खाली मैलभर फुललेलं बेशरम. तेही दक्षिण अमेरिकेतलं, भाऊंनी न विचारता सांगितलं. "साहेब, एवढं एकच झाड हाय जे बिगर मंजुरीचं लागलं."

वरून पूर आला की हा कडा दरवर्षी हात-दोन हात आत सरकतो. कधी कुणाचा धुरा जातो, कधी धुऱ्यावरची बोर जाते. शेतकरी तहसीलला अर्ज करतो, पंचनामा होतो. भाऊंचं म्हणणं असं की पंचनाम्याऐवजी मुळ्या पाहिजेत. मुळ्या माती धरतील, सावली पाणी थंड ठेवेल, फळं मासे आणि पाखरं खातील. ताडोब्यात अंधारीच्या काठी जाऊन पाहा, ते म्हणतात, तिथे जांभूळ आणि कहू कुणी लावले? तिथे फक्त कुणी तोडले नाहीत.

भाऊंची कालगणना वेगळी आहे. ते इसवी सन वापरत नाहीत, शक तर नाहीच. राज्यातली वृक्षलागवडीची मोहीम १ जुलै २०१६ ला दोन कोटींनी सुरू झाली, दुसऱ्या वर्षी चार कोटी झाली, २०१८ मध्ये तेरा कोटी, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूर जिल्ह्यातले, त्यामुळे आमच्याकडे या आकड्यांचा गजर जरा जास्तच झाला. भाऊंनी ते आकडे कॅलेंडरला चिकटवले. "धाकटी चार कोटीत झाली." म्हणजे नात २०१७ ची. "मोतीबिंदू तेरा कोटीत काढला." "बैल वारला थो तेहतीस कोटीचा पावसाळा." पुढे या लागवडीच्या चौकशीसाठी २०२१ मध्ये आमदारांची समिती नेमली गेली, तेव्हा चावडीवर मोठी चर्चा झाली. कुणी म्हणालं, तेहतीस कोटी देव तरी कुणी मोजले आहेत? सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "लावले किती थे पुसू नका. जगले किती थे पुसा." हे त्यांचं ब्रीदवाक्य. याखेरीज आणखी दोन आहेत. पहिलं, "अर्ज टाकून ठेवा, नाही म्हटलं तर आपलं का गेलं?" दुसरं, सगळ्यात लाडकं, "पोच आहे का?"

पोच म्हणजे दिलेल्या कागदाची शिक्का मारलेली पावती. भाऊंना जगात पोचेइतका विश्वास कशावरच नाही. पेट्रोल पंपावर, रेशन दुकानात, दवाखान्यात, जिथे कागद दिला तिथे दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का. लग्नात ते आहेर म्हणून जांभळाचं रोप देतात आणि नवऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये आपला नंबर स्वतः टाकतात. मग दर पावसाळ्यात फोन. "नमस्कार. रोप किती फुटाचं झालं?" आमच्या भागात काही जोडपी अशी आहेत की ज्यांनी भाऊंच्या फोनच्या धास्तीने परसात जांभूळ वाढवलं. एका जोडप्याचं रोप बकरीने खाल्लं, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याच्या जांभळापाशी उभं राहून फोटो पाठवला. भाऊंनी झूम करून पाहिलं आणि कळवलं, "हे झाड तुमच्या लग्नाहून मोठं हाय."

बारशाला ते आणखी वेगळे वागतात. पाळण्यात काय नाव ठेवलं हे त्यांच्या कानी पडत नाही. मुलगी झाली असेल आणि घर शेतकऱ्याचं असेल तर पिशवीतून कन्या वन समृद्धी योजनेचा अर्ज निघतो. २०१८ ची योजना. मुलीच्या जन्मानंतर दहा रोपं: साग पाच, आंबे दोन, फणस, जांभूळ आणि चिंच एकेक. बाळंतिणीच्या आईला वाटतं भाऊ पोरीला काही द्यायला आले. भाऊ म्हणतात, "आधार कार्डाची झेरॉक्स द्या." पाच सागांवर त्यांची नाराजी असतेच. पण ती ते अर्जात लिहीत नाहीत. जांभूळ आणि चिंच तरी काठाला जातील, एवढ्यावर समाधान मानतात, आणि साग धुऱ्यावर कुठे लावायचे हे आजोबांना कागदावर काढून दाखवतात.

या माणसाचं खरं दुखणं काय हे समजून घ्यायचं असेल तर दोन पंचांगं शेजारी ठेवून बघावी लागतात. एक सरकारचं. त्यात वर्ष एप्रिलला उगवतं आणि ३१ मार्चला मावळतं. मे महिन्यात खड्डे, १ जुलैला लागवड, मग फोटो आणि अहवाल, आणि मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ. दुसरं पंचांग झाडांचं. कहूची फळं उन्हाळ्यात पिकून गळतात. करंजाच्या शेंगा त्याच सुमारास. मोहाची टोळी, म्हणजे बी, पावसाच्या तोंडाशी. आणि जांभूळ जूनमध्ये. जांभळाचं बी तर भलतंच नाजूक. सुकलं की मेलं. आज खाल्लं तर दोन आठवड्यांच्या आत मातीत पाहिजे. साठवता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही, निविदा काढून पुढच्या वर्षी मागवता येत नाही. आणि जून म्हणजे मंजुरीच्या वाटेवर असलेल्या फायलींचा महिना. दोन पंचांगांचा मुहूर्त कुठेच जुळत नाही. तो जुळवायचा उद्योग म्हणजे जीआरभाऊ.

म्हणून जूनमध्ये हा माणूस बसस्टँडवर दिसतो. जांभळं विकणाऱ्या बाईच्या टोपलीशेजारी ते स्वतः एक रिकामा डबा घेऊन बसतात. गिऱ्हाईक पाच-दहा रुपयांची जांभळं पळसाच्या पानावर घेतं, मीठ मागतं, तोंडात टाकतं, आणि बी थुंकायला रस्त्याकडे वळतं तोच भाऊंचा हात पुढे. "इथं टाका. इथं." शाळेची पोरं सुरुवातीला लाजतात, मग नेम धरून डब्यात थुंकायची शर्यत लावतात. ओठ, दात, शर्टाच्या बाह्या, सगळं जांभळं. एसटीच्या वाहकाने एकदा खिडकीतून मूठभर बिया डब्यात टाकल्या आणि तिकिटाचा कागदही. भाऊंनी तिकीट काढून परत दिलं, बिया ठेवल्या. संध्याकाळी डबा घरी जातो. बिया तीनदा धुतल्या जातात. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली सुईने भोकं पाडून, काळी माती, शेणखत आणि नदीची रेती कालवून, एका पिशवीत एक बी आडवं ठेवलं जातं, बोटाच्या एका पेराएवढं खोल. पंधरवड्यात कोंब दिसू लागतात. एकाच बीतून कधी दोन कोंब, कधी तीन. हे पाहून भाऊ दरवर्षी पहिल्यांदाच पाहिल्यागत घरात हाक मारतात. "अवो, बघा! एकाच्या मंजुरीत तीन!"

आतून वहिनींचं उत्तर येतं, तेही दरवर्षीचं. "थे कहूचे बी भिजवलेली बादली आधी रिकामी करा. मले कपडे भिजवाचे हाय." वहिनींच्या घरात दुधाची पिशवी कधी कचऱ्यात जात नाही, आणि न्हाणीघरातली चांगली बादली कधी न्हाणीघरात सापडत नाही. पाहुण्यांना बसायला ओटा मिळत नाही, कारण ओट्यावर करंज. त्या सगळ्यांसमोर सांगतात, "मी मेली तर हे आधी रोपायले पानी घालन, मंग रडन." भाऊ हे ऐकून अवघडून हसतात. पण मे महिन्यात भाऊ मंत्रालयात निवेदन द्यायला गेले की त्या चारशे पिशव्यांना दोन वेळा पाणी कोण घालतं, हे गावाला ठाऊक आहे. भाऊंनाही. फाईलमध्ये त्याची पोच नाही, एवढंच.

रोपं तयार झाली की जागेचा प्रश्न. नदीचा काठ नेमका कुणाचा? हा प्रश्न विचारायचा नसतो, पण भाऊ विचारतात. एक खातं म्हणतं, ही आमच्या हद्दीबाहेरची जागा. दुसरं म्हणतं, जागा आमची पण लागवड आमचा विषय नाही. तिसरं म्हणतं, लागवड आमचाच विषय, पण जागेचं ना-हरकत आणा. शेवटी संयुक्त पाहणी ठरते. सातबारा आणि नकाशा घेऊन मंडळी कड्यावर उभी राहतात. नकाशा जुना. नकाशात नदी जिथे आहे तिथे आता डांगरवाडी आहे. नकाशातली डांगरवाडीची जागा आता नदीत आहे. आणि मध्ये मळईचा एक पट्टा आहे जो कुणाच्याच कागदावर नाही. साहेब चष्मा काढून पुसतात. एक शेतकरी लांबून ओरडतो, "इथं झाडं लावाल तर उद्या जमीन फॉरेस्टची म्हनान!" हे भय आमच्याकडे खोटं नाही. जांभूळ, मोह, चिंच, आंबा ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत. लावायला कुणाला विचारावं लागत नाही, तोडायला विचारावं लागतं. भाऊ त्या शेतकऱ्याजवळ जातात, चिलीम ओढत नसतानाही त्याच्याशेजारी उकिडवे बसतात आणि हळू आवाजात बोलतात. काय बोलतात कुणाला ऐकू येत नाही. पण पंचनाम्यावर त्या शेतकऱ्याचा अंगठा येतो. करंज आणि कहू त्या यादीत नाहीत, हे भाऊ त्याला सांगतात म्हणे. कायदा असा पाठ असलेला माणूस गावात असला की त्याचा उपद्रव होतो, आणि आधारही.

मग तो दिवस उजाडतो. मंडप, बॅनर, टोपीवाले, ढोल. रोप एक आणि त्याला धरणारे हात सोळा. भाऊ फोटोत कधीच नसतात. ते चौकटीच्या बाहेर खुरपं घेऊन उभे. पाहुणे गाडीत बसले, धूळ खाली बसली, की भाऊ एकेका रोपाशी वाकतात, माती उकरतात आणि रोपाच्या मुळाशी तशीच राहिलेली काळी प्लास्टिकची पिशवी ब्लेडने कापून काढतात. उत्साहाच्या भरात कुणी ती काढलेलीच नसते. संध्याकाळपर्यंत पिशव्यांचा ढीग होतो. त्यातल्या धड असलेल्या भाऊ धुऊन घरी नेतात. वहिनींना पुढचं सांगायला नको.

ऑगस्टात पूर. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाला तेहतीस दरवाजे. ते उघडल्याचा निरोप आला की खालची गावं जागी राहतात. भाऊ म्हणतात, "तिकडं तेहतीस कोटी, इकडं तेहतीस दरवाजे. दोनी एकाच मुहूर्तावर." पूर उतरला की चिखलात गाडलेली रोपं ते काठीने शोधतात, शेंडा दिसला तर वर ओढतात, पानं धुतात, खुंटीला बांधतात. फूटभराची रोपं गेलेली असतात. कमरेएवढी, दीड-दोन वर्षं नर्सरीत वाढलेली, बहुतेक उभी असतात. म्हणून भाऊंची मागणी ठरलेली: काठाला मोठी रोपं द्या, आणि जुलैत नव्हे, पूर उतरल्यावर द्या. दरवर्षी निवेदनात हाच मुद्दा पहिला असतो. दरवर्षी उत्तर येतं, "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." भाऊ ते उत्तर फाईलला लावतात. "पाहा, नोंद घेतली."

दिल्लीहून काही जाहीर झालं की भाऊ आधी नकाशा काढतात. मार्च २०२२ मध्ये केंद्राने तेरा मोठ्या नद्यांच्या काठी वनीकरण करण्याचे अहवाल प्रसिद्ध केले. खर्च सुमारे एकोणीस हजार कोटी. यादीत वैनगंगा नव्हती, गोदावरी होती. गावात कुणाला काही वाटलं नाही. भाऊंनी पेन्सिल घेतली. आपला नाला वैनगंगेला मिळतो. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. "म्हंजे आपला नाला गोदावरीत बसते!" दुसऱ्या दिवशी अर्ज. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' अभियान निघालं, तेव्हा भाऊ नदीयात्रेच्या पुढे चालत होते. दिंडीत वारकऱ्यांच्या हाती पताका, यांच्या हाती कहूच्या बियांची थैली. चालता चालता काठावर बिया टाकत होते. यात्रा परत फिरली, बियांतल्या काही राहिल्या.

साहेबलोक भाऊंना टाळतात हे खरं. त्यांची सायकल दिसली की शिपाई सांगतो, साहेब दौऱ्यावर. भाऊ बाकावर बसून राहतात, कारण साहेबांची गाडी बाहेर उभी असते. पण नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात एक फोन भाऊंना येतोच. "भाऊ, आधीच्या साहेबांच्या काळातली ती लागवड नेमकी कुठल्या गटात होती हो? आमच्याकडचं पत्र सापडत नाही." भाऊंकडे सापडतं. तारखेसह, जावक क्रमांकासह, पोचेसह. कचेरीला स्वतःचंच पत्र भाऊंच्या फाईलमधून झेरॉक्स करून घ्यावं लागतं. त्या दिवशी शिपाई भाऊंना चहा देतो. भाऊ साहेबांबद्दल कधी वाईट बोलत नाहीत. "मानूस चांगला हाय," ते म्हणतात, "बदलीच्या आत काम काढून घेतलं पाह्यजे."

आणि उन्हाळा. चंद्रपूरचा उन्हाळा सांगायची गरज नाही. मे महिन्यात इथे कावळासुद्धा दुपारी बाहेर पडत नाही. रोजगार हमीतून संगोपनाची मजुरी मिळाली तर पाणी मिळतं. मस्टर अडकलं तर रोप अडकतं. अशा वेळी भाऊ सायकलला दोन कॅन बांधून पहाटे नदीवर जातात. मुलगा ओरडतो, वाघ फिरतोय त्या भागात, ब्रह्मपुरीकडची बातमी वाचली नाही का? भाऊ म्हणतात, वाघालाही पाणी आणि सावली लागतेच की.

त्यांची सगळ्यात जास्त जगलेली झाडं मात्र कुठल्याच योजनेतली नाहीत. ती घाटावरची आहेत. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी भाऊ स्मशानघाटावर एक कहूचं रोप घेऊन येतात. पहिल्यांदा लोकांना राग आला होता. दुःखाच्या घरी याचं काय मध्येच? पण भाऊ काही बोलत नाहीत, खड्डा खणतात आणि मोठ्या मुलाच्या हाती रोप देतात. त्या रोपाला ट्री-गार्ड लागत नाही आणि मस्टरही लागत नाही. मुलगा पुण्याला असला तरी सुट्टीत येऊन पाणी घालतो. त्या रांगेतली काही झाडं आता दोन पुरुष उंचीची झाली आहेत आणि खालची माती गेल्या पुरात हलली नाही. सरकारी अहवालात ही रांग कुठेच नाही. भाऊंनी ती एकदा आकडेवारीत धरावी म्हणून अर्ज केला होता. योजनेचं नाव काय, असा प्रश्न आला. भाऊंनी बरंच डोकं खाजवलं आणि तो रकाना कोरा ठेवला. आयुष्यात त्यांनी कोरा ठेवलेला तेवढा एकच.

मी त्यांच्यावर लिहितोय हे त्यांना कळलं तेव्हा ते मसुदा वाचायला घेऊन गेले. परत आला तो लाल पेनने रंगलेला. विनोदाच्या जागा त्यांनी सोडून दिल्या होत्या; वहिनींचं वाक्य मात्र खोडलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, "खरे आहे, तरी वगळावे." शेवटी त्यांनी तीन मागण्या जोडल्या होत्या. एक, जूनमध्ये जांभळाचं ताजं बी ग्रामसभेमार्फत जागेवरच विकत घ्यावं. दोन, काठावरची लागवड पूर उतरल्यावर आणि मोठ्या रोपांनीच करावी. तीन, संगोपनाचा पैसा लागवडीनंतरच्या तिन्ही उन्हाळ्यांत वेळेवर द्यावा. मी म्हटलं, भाऊ, हे व्यक्तिचित्र आहे, निवेदन नाही. ते म्हणाले, "असू द्या. कोनी ना कोनी वाचन. अन् लेखावर तारीख टाका. बिनतारखेच्या कागदाले आवक नंबर देत नाही."